हळदीकुंकवाला आलेले पुरुष

ईडन प्रेरी, ६ फेब्रुवारी

अंतरा,

दोन्ही हातांनी आशीर्वाद. उजवा नेहमीचा, डावा तुझ्या त्या कागदासाठी.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. वाचायला शेजारची सरला आली. ती आली की तिला पोहे लागतात, म्हणजे तुझं पत्र मला एक वाडगा पोह्यांना पडलं. आता तीच समोर बसून हे लिहितेय. मी बोलते ते ती जरा सुधारून लिहिते. तेव्हा भाषा शहाण्या बाईची वाटली तर ती सरलाची, आणि टोमणा लागला तर तो माझा. 'फोन का करत नाहीस' असं विचारू नकोस. फोनवर तू 'हो आजी, हो आजी' करत गाडी चालवत असतेस. पत्र वाचायला तरी तुला कुठेतरी बूड टेकावं लागतं.

आधी मला समजलं ते बरोबर आहे का बघ. तू शाळेत नर्स. सोमवारी सकाळी मुलं पोटात दुखतं म्हणून तुझ्याकडे येतात, आणि तुला कळून चुकलंय की पोटाला काही झालेलं नाही. शुक्रवारच्या शाळेतल्या जेवणानंतर त्यात फारसं काही गेलेलं नाही, एवढंच. तू कपाटात केळी ठेवतेस. केळ्यांनी भागेना, म्हणून तुम्ही काही जण थेट राज्याच्या घटनेत एक ओळ घालायला निघालात: शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला सकाळ-दुपारचं खाणं, आणि सुट्टीसाठी बरोबर डबा. नुसता कायदा केला तर पुढचे येऊन तो पुसून टाकतात. घटनेतलं पुसायचं तर पुन्हा सगळ्या राज्याला विचारावं लागतं. पण ती ओळ मतदानाला ठेवायची तर आधी लाखो मतदारांच्या सह्या हव्यात, आणि त्या जुलै लागताच द्यायच्या. बरोबर? सरला म्हणते, तू चार पानांत सांगितलंस ते मी अर्ध्यात उरकलं.

श्रीराम म्हणतो, "पोरगी सुट्टीच्या दिवशी फुकट उन्हात फिरते." मी म्हटलं, "तू पैसे घेऊन सावलीत बसतोस, त्याचा कुणी सत्कार केलेला मी पाहिला नाही." तुझा बाप आहे, डॉक्टर आहे, पण आधी माझा मुलगा आहे.

आता तो कागद. संक्रांतीच्या हळदीकुंकवात भरलेला तुझा पहिला कागद म्हणून तू त्याची नक्कल कौतुकाने पाठवलीस. पंधरा ओळी, पंधरा सह्या. सरलाने नावं वाचली. मी नुसतं पाहत बसले. तुम्ही लोक नाव वाचता आणि पुढे जाता. मला नाव दिसतच नाही, त्यामुळे हात दिसतो. कुणाची रेघ दाबून निघते, कुणाची घसरते, कोण शेवटी उगाच शेपटी काढते. मला ती रांगोळीसारखी दिसते. तर सातवी आणि आठवी रांगोळी एकाच बाईने काढलीय. अकरावी आणि बारावीसुद्धा. चौदावी-पंधरावी तर एका दमात. मी बोट ठेवलं, सरलाने वाचलं: सातवी मृणालिनी, आठवा चंद्रशेखर.

अंतरा, हळदीकुंकवाला चंद्रशेखर काय करत होता? आणि त्याला वाण काय दिलंत?

नक्कल परत पाठवतेय. लोकांची नावं-पत्ते आहेत त्यावर. आमच्याकडे पोह्यांची प्लेट ठेवायला तो कागद बरा नाही.

तुझी आजी

⁂

चँडलर, १९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

इथूनच वाकून नमस्कार. माझ्या मराठीला हसू नकोस, संडे स्कूलमध्ये मला कधीच चांगले मार्क नव्हते.

तुझं पत्र वाचून आधी मी खूप हसले आणि मग मला राग आला. तू डिटेक्टिव्ह आहेस का? हो, काही काकूंनी काकांच्या सह्या केल्या. मृणालिनी काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांचंही करून टाकते. ते काय नाही म्हणणार आहेत?" मग हिमानीताईने प्रसादची केली. मग सगळ्यांनीच केल्या. आजी, इथे असंच असतं. मंडळाच्या पिकनिकचा फॉर्म असो, दिवाळीचं रजिस्ट्रेशन असो, एक जण सगळ्या घराचं भरतो. कोणी विचारत नाही. फॅमिली म्हणजे फॅमिली. आणि कॉज चांगलं आहे, मुलांच्या खाण्याला कोण नाही म्हणेल?

आणखी दोन हळदीकुंकवांत मी असेच कागद भरले. नऊ झाले. आमची टीम लीडर मारिसोल आहे ना, तिने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की नवीन लोकांत सगळ्यात जास्त सह्या अंतराच्या. मला किती छान वाटलं, तुला माहीत नाही. शाळेत मला कोणी असं कधी म्हणत नाही.

कागदाच्या मागे मला नोटरीसमोर सही करावी लागते, पण ती फॉर्मॅलिटी आहे. सगळेच करतात. खरंच फॉर्मॅलिटी आहे.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, प्लीज.

तुझी अंतरा

⁂

ईडन प्रेरी, १ मार्च

अंतरा,

आशीर्वाद, आणि राग आला तो चांगलाच झाला. राग आला म्हणजे पत्र पूर्ण वाचलंस.

फॉर्मॅलिटी हा शब्द तू दोनदा लिहिलास. मी सरलाला म्हटलं, "एवढं जपून म्हणते ते काय आहे, बघ तरी." तिने तिच्या त्या काचेच्या पाटीवर शोधलं. कागदाच्या मागे लिहिलेलं असतं की यातल्या प्रत्येकाने आपली सही आपल्या हाताने माझ्यासमोर केली. त्याच्याखाली तू शपथेवर सही केलीस. नऊ वेळा. पोरी, त्या बायकांनी एकेक सही चुकीची केली. तुझ्या नऊ आहेत.

एक गोष्ट सांगते. ती श्रीरामला माहीत नाही, कारण त्याने कधी विचारली नाही, आणि मी न विचारता सांगत नाही. हे सरला लिहिताना हसतेय.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दहिवडीकडे रस्त्याचं काम निघालं होतं. मी चोवीस वर्षांची. सकाळपासून खडी फोडायची. श्रीराम दोन वर्षांचा, लुगड्याच्या झोळीत बाभळीला टांगलेला. दुपारी पोरांना सरकारी सुकडी मिळायची. तुझा हा मोठा डॉक्टर त्या सुकडीवर वाढलाय. ती खाऊन उरली तर झोळीला पुसायचा. म्हणून तुझी ती केळी मला समजतात. समजावून सांगायला चार पानं नकोत.

तर हजेरीचा कागद असायचा. आठवड्याला त्यावर प्रत्येकाने अंगठा उठवायचा. आमच्या घरातले आम्ही पाच जण कामावर, आणि पाचही अंगठे माझे सासरे उठवायचे. माणूस वाईट नव्हता. म्हणायचे, "तुम्ही बायकांनी कशाला रांगेत उभं राहायचं? बसा सावलीत." आणि मी बसत होते! मला बरंच वाटायचं. कुणी लुबाडलं नाही, कुणी फसवलं नाही. धान्य घरात आलं, सगळ्यांनी खाल्लं. पण पुढे किती वर्षांनी मला सुचलं की मी सात महिने खडी फोडली हे कुठल्याही कागदाला ठाऊक नाही. त्या रस्त्यावरून एसटी जाते. माझ्या नावापुढे सासऱ्यांचं बोट आहे.

चंद्रशेखर नाही म्हणणार नाही, हे मृणालिनीला माहीत असेल. पण तो हो म्हणाला, असं कुठे झालंय?

शिकवत नाही तुला. मला शिकवता येत नाही, मी शाळेत गेले नाही. मी फक्त विचारलं.

श्रीरामला सांगणार नाही. सरलाचं मी सांगू शकत नाही. तिला आता दोन वाडगे लागतील.

तुझी आजी

⁂

चँडलर, २२ एप्रिल

प्रिय आजी,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी तुझ्यावर चिडले होते. मग माझ्यावर.

मार्चमध्ये मी मारिसोलला सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने ढिगातून माझे नऊ कागद काढले आणि प्रत्येकावर आडवी रेघ मारली. एकशे पस्तीस सह्या, आजी. मग म्हणाली, "तपासणीत हे सापडलं असतं तर तू आणलेला प्रत्येक कागद बाद झाला असता, खऱ्या सह्यांसकट. आणि विरोधक म्हणाले असते की हे सगळे असेच आहेत." मी म्हटलं, "मी सोडते हे काम." ती म्हणाली, "सोडू नको. परत जा. प्रत्येक दारावर."

म्हणून मी जाते. रोज शाळा सुटल्यावर. आधी काय झालं ते सांगते, सॉरी म्हणते, मग नवा कागद पुढे करते. खूप लाज वाटते.

पहिलं घर मुद्दाम मृणालिनी काकूंचं घेतलं. काकू रागावल्या. "पस्तीस वर्षं संसार केलाय. माझ्या नवऱ्याचं मला कळत नाही का?" काका मागच्या अंगणात शिडीवर उभे राहून संत्र्याचं झाड छाटत होते. खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "कशावर सही केली मी?" मग चष्मा लावून अख्खा कागद उभ्यानेच वाचला. परत वाचला. आणि म्हणाले, "नाही."

काकू ट्रे घेऊन दारातच थांबल्या. "अहो! मुलांच्या जेवणाला नाही?"

"जेवणाला नाही कोण म्हणतंय? घटनेत मेन्यू कार्ड नको, एवढंच. कायदा करा, मी पहिला येईन."

"कायदा पुसतात!"

"पुसतात तर पुन्हा करा!"

आजी, चाळीस मिनिटं ते भांडत होते आणि मी मध्ये उभी. दोघांना मजा येत होती असं मला वाटलं. काकूंनी त्यांची स्वतःची सही केली, खूप दाबून.

पण आता दोन प्रॉब्लेम आहेत. दहाच आठवडे उरलेत. आणि लोक आधी चहा देतात, बाकरवडी देतात, आईची चौकशी करतात, मग लाजेने सही करतात. कागद वाचतच नाहीत. ती सही त्यांच्याच हाताची आहे, पण मला ती खरी वाटत नाही. मी काय करू?

बाबांना मीच फोन करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टोपी घालतेस ना?"

अंतरा

⁂

ईडन प्रेरी, ३० एप्रिल

अंतरा,

आशीर्वाद. सरलाला म्हटलं, या वेळी जास्तीचे घाल, पाकिटात मावतील तेवढे.

श्रीराम 'टोपी घालतेस ना' म्हणाला म्हणजे त्याने तुला मिठी मारली असं समज. त्याला तेवढीच येते.

चहाचं सोपं आहे. सही आधी, चहा नंतर. दारातच सांगायचं, "काकू, मी आत येणार आहे, खाणार आहे, बसणार आहे, पण त्याआधी हे वाचा आणि हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तरी मी बाकरवडी सोडणार नाही." आपल्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. कप हातात दिला की तो अडकला. म्हणून तो कप मध्ये येऊ द्यायचा नाही. तू दारात असताना तो मोकळा असतो, तेव्हाच विचार.

आणि कुणी 'ठेवून जा, घरी सगळ्यांच्या घेऊन ठेवते' म्हणालं की कागद छातीशी धर आणि म्हण, "माझी आजी हात ओळखते." ईडन प्रेरीहून चँडलरपर्यंत माझी दहशत पोचू दे. म्हातारपणी आणखी काय हवं असतं?

चंद्रशेखर मला आवडला. तुझ्या बाजूचा नाही, पण त्या सबंध कागदावर वाचून बोललेला पहिला माणूस तोच. त्याच्याशी भांडण चालू ठेव. मृणालिनीलाही त्यातून विषय मिळाला. पस्तीस वर्षांत संपत आले असतील.

मला सही येत नाही, आणि आली असती तरी दुसऱ्या राज्याची म्हणून तुझ्या कागदावर चालली नसती. दोन्हीकडून मी सुटले. तू मात्र फिर.

तुझी आजी

⁂

चँडलर, ५ जुलै

प्रिय आजी,

झालं! दोन तारखेला सगळ्या राज्यातून आलेले खोके ट्रकमध्ये भरून आम्ही कॅपिटलला, म्हणजे राज्याच्या कचेरीत, दिले. मारिसोल रडली. मी पण. बाहेर एकशे बारा डिग्री फॅरेनहाइट होतं, त्यामुळे डोळे लगेच सुकले.

माझ्या त्या रेघ मारलेल्या एकशे पस्तीस सह्यांचं काय झालं ते सांगते. एकशे चार परत मिळाल्या, वाचून, आपल्या हाताने, चहाच्या आधी. एकतीस नाही मिळाल्या. त्यात बरेचसे काका आहेत, पण सहा काकूही आहेत! जानेवारीत त्या हळदीकुंकवात सगळ्या करतायत म्हणून करत होत्या. हिमानीताईने सही केली आणि प्रसाद म्हणाला, मला विचार करायचाय. तीन वेळा गेले. चौथ्या वेळी त्याने स्वतः फोन करून बोलावलं आणि सही केली.

चंद्रशेखर काकांनी शेवटपर्यंत सही दिली नाही. पण जूनमध्ये ऊन वाढल्यावर ते मला त्यांच्या गाडीतून दारोदार नेत होते. मी विचारलं, "काका, हे कसं?" म्हणाले, "सही हा माझा विचार आहे. तुला ऊन लागून पडू देणं हा विचार नाही, मूर्खपणा आहे." गाडीत एसी फुल ठेवायचे आणि मी सही घेऊन परत आले की म्हणायचे, "आणखी एक मेन्यू कार्डवाला?"

आता एक गोष्ट विचारायची आहे. हिमानीताईच्या सासूबाई आहेत, एक्याऐंशी वर्षांच्या. आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव नाही का त्या कागदात?" त्या सिटिझन आहेत. मी कागद वाचून दाखवला, त्यांनी सही केली. मग सहज म्हणाल्या, "ऐकून केलेली सही ही पहिलीच हो. मताचा कागद पोस्टाने येतो तो प्रसादच भरतो. मी फक्त खाली सही करते." अशा मला एकोणीस आज्या भेटल्या. कोणी वाईट नाही, सगळी मुलं चांगली आहेत.

आजी, तू पण सिटिझन आहेस. तुझ्या मताचा कागद कोण भरतं?

तुझी अंतरा

⁂

ईडन प्रेरी, ९ ऑक्टोबर

अंतरा,

आशीर्वाद. तीन महिने उत्तर आलं नाही म्हणून तू तुझ्या आईकडे, आसावरीकडे, चौकशी केलीस, ते तिने मला सांगितलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. सरलाही बरी आहे, जरा जाड झालीय. उत्तर नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

तुमची ओळ तपासणीतून पार झाली आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आली, ती बातमी सरलाने वाचून दाखवली. मी पुन्हा वाचायला लावली. मग श्रीराम दवाखान्यातून आल्यावर त्यालाही वाचायला लावली, कारण त्याचा आवाज मोठा आहे.

आता तुझा प्रश्न. मला नागरिक होऊन अकरा वर्षं झाली. मुलाखत मराठीत दिली, दुभाष्याला हसवलं, पास झाले. तेव्हापासून दर वेळी मतपत्रिका घरी येते. श्रीराम जेवणाच्या टेबलावर ती भरतो, मी खाली माझी खूण काढते, आसावरी साक्षीदाराची सही करते. त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही कधी 'वाच' म्हटलं नाही. तुला मोठ्या तोऱ्यात बहात्तरची गोष्ट सांगत होते ना, तेव्हाही हेच चाललं होतं. सासरे जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी अजून सावलीत बसलेली. हे तुला सांगायला तीन महिने लागले. हसून घे. मी थांबते.

परवा यंदाची मतपत्रिका आली. श्रीराम पेन घेऊन बसला. मी म्हटलं, "थांब. वाच."

"काय वाच?"

"सगळं. पहिल्यापासून."

"आई, दोन्ही बाजूंनी छापलंय हे!"

"मग दोन्ही बाजूंनी वाच."

वाचायला लागला. वरचे मोठे लोक मला ठाऊक होते, ते पटकन झाले. तिथे मी एका जागी त्याच्या माणसाला सोडून दुसऱ्याला दिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या ताटातलं उचललं. मग शाळेच्या मंडळाचे उमेदवार आले, सात जण. मी विचारलं, "यातलं पोरांच्या खाण्याचं कोण बोलतं?"

"मला काय माहीत?"

"मग आजवर कसा भरायचास?"

"नाव ओळखीचं वाटलं की."

"ओळख कुठे झाली तुझी?"

म्हणाला, "रस्त्यावरच्या पाट्यांवर."

आसावरी उठून स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली. श्रीरामने लॅपटॉप आणला आणि सातही जणांचं काय म्हणणं आहे ते शोधून मला मराठीत सांगितलं. अर्धा तास गेला. इतकं तो माझ्याशी सलग किती वर्षांत बोलला नव्हता. तिघांना मत दिलं. त्यात एक बाई आहे, ती शाळेत स्वयंपाक करायची. ती पाटीवर नव्हती.

मग न्यायाधीशांची रांग आली. एकेका नावासमोर दुसरं कुणीच उभं नाही. मी म्हटलं, "एकटाच उभा आहे तर मला विचारतात कशाला?"

"पद्धत आहे, आई. मी भरून टाकतो."

"नको. ते रिकामं राहू दे."

"अगं, मत वाया जाईल!"

"माझं आहे. मी वाया घालवीन."

 श्रीरामने ती जागा रिकामी सोडली, चष्मा पुसला, आणि पान उलटून पुढचं नाव वाचलं.

तुझी आजी